अकीक घासणे व जिलई देणे (छंद)

अकीक घासून गुळगुळीत करणे व त्याला जिलई देणे हा घरच्या घरी करता येण्याजोगा एक छंद आहे. अकीकाचे ओबडधोबड खडे, पाणी आणि घर्षक भुकटी एका बंद पिंपात घालून ते पिंप काही आठवडे सावकाश फिरवत ठेवणे, हे या छंदातील मुख्य काम होय. अशा पिंपाला टंबलर आणि या क्रियेला टंबलिंग म्हणतात. नदीच्या प्रवाहात गोटा ज्या प्रकारे गुळगुळीत होतो त्याच प्रकारची झीज येथे अल्पकाळात घडवून आणली जाते. मात्र नदीतील गोटा गुळगुळीत असला तरी मंद दिसतो. काचेसारखी चकाकी येण्यासाठी क्रमाने अधिकाधिक बारीक भुकटी वापरावी लागते. या कामाला साधने थोडी लागतात, परंतु दोन गोष्टींत सवलत नाही : एकही टप्पा गाळता येत नाही, आणि दगडाची धूळ कधीही कोरडी उडू देता येत नाही.

नावे

‘अकीक’ हा शब्द अरबी भाषेतून फार्सीमार्गे मराठीत आला. युरोपीय भाषांतील ‘अ‍ॅगेट’ हे नाव सिसिली बेटावरील आकाटीस या नदीवरून पडले, असे ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास दगडांविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. तांबड्या-नारिंगी प्रकाराला कार्नेलियन, सरळ व समांतर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रकाराला ऑनिक्स किंवा सुलेमानी, आणि आत हिरव्या शेवाळासारखी नक्षी दिसणाऱ्या प्रकाराला शेवाळी अकीक म्हणतात. शेवाळी अकीकातील ही नक्षी वनस्पतीची नसून इतर खनिजांची असते. नवरत्नांतील गोमेद हे गार्नेट गटातील निराळे रत्न आहे. त्याची व अकीकाची गल्लत करू नये.

निर्मिती व गुणधर्म

अकीक म्हणजे कॅल्सेडोनीचा पट्टेदार प्रकार. कॅल्सेडोनी हे सिलिकेचे, म्हणजे ज्या द्रव्याची गार किंवा क्वॉर्ट्झ बनते त्याच द्रव्याचे, अतिसूक्ष्म स्फटिकांनी बनलेले रूप आहे. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहतात. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आलेली सिलिका या पोकळ्यांच्या भिंतींवर थरावर थर साचत जाते. म्हणूनच अकीकातील पट्टे बहुधा पोकळीच्या आकाराला अनुसरून वळलेले असतात. मधली जागा शिल्लक राहिली तर तेथे गारेचे किंवा जांभळ्या ॲमेथिस्टचे टोकदार स्फटिक वाढतात. तांबडा, पिवळा व तपकिरी हे रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे येतात.

मोस यांच्या कठिनता श्रेणीत अकीकाचे स्थान ६.५ ते ७ आहे आणि त्याची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट असते. साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. उलट त्याने काचेवर ओरखडा उठतो. तो फुटला की शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वक्र, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. यालाच शंखाभ भंग म्हणतात. कठीणपणा, चिवटपणा आणि सर्वत्र सारखी बारीक घडण या तीन गुणांमुळे अकीकावर जिलई उत्तम चढते. याच गुणांमुळे रासायनिक तराजूच्या दांडीचे टेकू अकीकाचे करीत असत. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या तराजूत दांडी ज्या धारेवर झुलते ती धार व तिच्याखालची सपाट पट्टी पाहिल्यास हा दगड ओळखता येतो.

महाराष्ट्रातील आढळ

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्ट खडकाचा, म्हणजेच काळ्या पाषाणाचा, बनलेला आहे. हे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पसरले आणि आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. या खडकाच्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर, गार, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील खनिजे सापडतात. बेसाल्ट झिजून त्याची माती झाली तरी कठीण अकीक शिल्लक राहतो. त्यामुळे तो नांगरलेल्या शेतात, ओढ्यांत आणि गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या खोऱ्यांतील वाळू-गोट्यांत आढळतो. सिन्नर येथील ‘गारगोटी’ या खनिज संग्रहालयात दख्खनच्या खडकांतील स्फटिकांचे मोठे नमुने पाहावयास मिळतात.

कोल्हापूर जिल्ह्यातही पायाचा खडक बेसाल्टच असून पश्चिमेकडील उंच माथ्यांवर जांभा खडक आहे. ज्या काळ्या दगडात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या भरलेल्या पोकळ्या दिसतात तो दगड नवशिक्याने प्रथम निरखावा. त्यातील प्रत्येक पांढरा खडा अकीक नसतो. चाकूने सहज ओरखडला जाणारा खडा बहुधा कॅल्साइट किंवा झिओलाइट असतो. असे मऊ खडे अकीकाबरोबर पिंपात घातल्यास त्यांचा चुरा होऊन सर्व घाण्याची नासाडी होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अकीक घासण्याची विद्या भारतात फार प्राचीन आहे. हडप्पा संस्कृतीच्या चन्हुदडो आणि लोथल या स्थळी कार्नेलियनचे मणी बनविण्याचे पुरावे मिळाले आहेत. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही अशा दगडांचे मणी सापडले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून बिकट वाटांनी गाड्यांतून भरुच बंदराकडे जाणाऱ्या या जातीच्या दगडांचा उल्लेख आहे. त्यातील मूळ शब्दाचे भाषांतर कोणी ऑनिक्स, तर कोणी कार्नेलियन असे करतात.

कोल्हापूर शहरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले. याच टेकडीवर त्यापूर्वी मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पंचगंगेकाठचे हे नगर दूरच्या रोमन व्यापाराशी कसे जोडलेले होते हे तिच्यावरून कळते. उत्खननाचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षित यांनी प्राचीन भारतीय मण्यांचा विशेष अभ्यास केला होता. कार्नेलियनवर पांढरी नक्षी उठविलेल्या मण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रकाशित झाला.

आजच्या टंबलरचा जवळचा पूर्वज गुजरातेतील खंभात येथे सापडतो. भरुच जिल्ह्यातील रतनपूर परिसरातून आलेला अकीक तेथे उन्हात वाळवून मडक्यांत भाजत. त्यामुळे त्यातील लोहाचा रंग तांबडा होतो. नंतर तो छिलून, घासून, वेज पाडून मणी तयार करीत. जिलईसाठी हे मणी एका कातडी पिशवीत कुरुंदाची भुकटी, अकीकाचा बारीक चुरा व पाणी यांसह भरत. दोन माणसे खोलीच्या दोन टोकांना बसून ही पिशवी १० ते १५ दिवस एकमेकांकडे लोटीत राहत. पुढे या पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपांनी घेतली.

युरोपात जर्मनीतील ईदार-ओबरश्टाइन हे गाव अकीककामासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पाणचक्कीवर फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकांवर अकीक घासला जाई. स्थानिक साठे संपत आल्यावर एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधून कच्चा माल येऊ लागला. छंद म्हणून घरोघरी टंबलर वापरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाली. तिला सिलिकॉन कार्बाइड या स्वस्त व कठीण भुकटीचे पाठबळ होते. एडवर्ड ॲचेसन यांनी ही भुकटी बनविण्याची रीत १८९१ मध्ये शोधून तिचे १८९३ मध्ये एकस्व मिळविले. बाजारात ती कार्बोरंडम पावडर या नावाने मिळते.

उचगाव (ता. करवीर) परिसरातील वाचकांना हे तत्त्व परके वाटू नये. गावापासून जवळच असलेल्या शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. ओतीव भागांना चिकटलेली वाळू काढण्यासाठी व त्यांच्या कडा बोथट करण्यासाठी ओतकामात फिरती पिंपे वापरली जातात. टंबलर हे त्यांचेच लहान भावंड होय.

जिलईमागील तत्त्व

जिलई म्हणजे दगडावर चढविलेला लेप नव्हे. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो म्हणून तो मंद दिसतो. ओरखडे इतके बारीक झाले की ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्याही खाली जातात, तेव्हा प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि दगड चकाकतो. प्रत्येक भुकटी स्वतःच्या कणांएवढे ओरखडे मागे ठेवते. पुढची भुकटी फक्त तिच्या लगतच्या आधीच्या भुकटीचे ओरखडे वेळेत पुसू शकते. ८० क्रमांकाच्या भुकटीचा कण सुमारे ०.२ मिमी. असतो, २२० क्रमांकाचा सुमारे ०.०६ ते ०.०७ मिमी., ६०० क्रमांकाचा ०.०१ ते ०.०२ मिमी., आणि जिलईच्या भुकटीचा सुमारे ०.००१ मिमी. मधला एक टप्पा गाळल्यास शेवटची भुकटी कितीही दिवस फिरविली तरी खोल ओरखडे तसेच राहतात.

खडा ओला असताना पाणी ओरखड्यांत भरून पृष्ठभाग सपाट करते. त्यामुळे नदीतून नुकताच काढलेला खडा सुंदर दिसतो आणि घरी येईपर्यंत निस्तेज होतो. म्हणूनच प्रत्येक टप्प्यानंतर परीक्षा करावयाची ती नेहमी कोरड्या खड्याची.

साहित्य

घरगुती टंबलरमध्ये रबराचे किंवा आतून रबराचे अस्तर असलेले पिंप दोन रुळांवर आडवे ठेवलेले असते आणि लहान मोटर ते फिरवते. सुमारे दीड किलो भार घेणारे पिंप नवशिक्याला पुरेसे होते. त्याची गती मिनिटाला साधारण ३० ते ६० फेरे इतकी असावी. गती फार वाढली तर खडे उंचावरून आदळून फुटतात. फार कमी झाली तर ते एकमेकांवर घासलेच जात नाहीत. २५ वॅटची मोटर धरल्यास दिवसाला ०.६ युनिट, म्हणजे ३५ दिवसांच्या घाण्याला सुमारे २१ युनिट वीज लागते.

याशिवाय ८०, २२० व ६०० क्रमांकांची सिलिकॉन कार्बाइड भुकटी, जिलईसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी, सिरॅमिकचे छोटे तुकडे, दोन बादल्या, चाळणी व जुना दात घासण्याचा ब्रश एवढे साहित्य लागते. जिलईच्या टप्प्यासाठी स्वतंत्र पिंप ठेवणे सोयीचे असते.

कृती

खड्यांची निवड : एका घाण्यात सर्व खडे सारख्याच कठीणपणाचे असावेत, अकीक, कार्नेलियन व जास्पर एकत्र चालतात. आकार मात्र लहानमोठे मिसळलेले असावेत, म्हणजे लहान खडे मोठ्यांच्या खाचांपर्यंत पोहोचतात. तडा गेलेले, भुसभुशीत किंवा काळ्या पाषाणाचा भाग चिकटलेले खडे बाजूला काढावेत. तड्यात भुकटी अडकते आणि पुढच्या टप्प्यात बाहेर पडून ओरखडे पाडते.

पहिला टप्पा (८० क्रमांक) : पिंप दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरेल इतके खडे घ्यावेत. दीड किलोच्या पिंपाला भुकटी सुमारे ४ मोठे चमचे घ्यावी. वरच्या थरातील खड्यांच्या किंचित खालपर्यंत पाणी घालून झाकण घट्ट लावावे. या टप्प्यात खड्यांचा आकार घडतो. त्यास ७ ते १० दिवस आणि फार ओबडधोबड खड्यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. आठवड्यानंतर पिंप उघडून झिजलेली भुकटी बदलावी. खळगे शिल्लक असलेले खडे पुढच्या घाण्यासाठी याच टप्प्यात ठेवावेत.

दुसरा टप्पा (२२० क्रमांक) : खडे, पिंप व झाकणाची खाच स्वच्छ धुऊन नवी भुकटी घालावी व सुमारे ७ दिवस फिरवावे. खडे झिजल्यामुळे कमी झालेली जागा सिरॅमिकच्या तुकड्यांनी भरून काढावी.

तिसरा टप्पा (६०० क्रमांक) : पुन्हा सुमारे ७ दिवस. याच्या शेवटी कोरड्या खड्यावर रेशमासारखी मंद तकाकी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पुढे जाऊ नये.

चौथा टप्पा (जिलई) : ॲल्युमिनियम ऑक्साइड घालून ७ ते १० दिवस. या वेळी पिंपात जाड भुकटीचा एक कण जरी राहिला तरी महिन्याभराचे काम वाया जाते. शेवटी साध्या साबणाचा कीस व पाणी घालून काही तास फिरविल्यास चिकटलेली पांढरी भुकटी निघून जाते.

सर्व टप्पे मिळून चार ते सहा आठवडे लागतात आणि मूळ वजनाचा बराच भाग झिजून जातो.

नेहमीच्या अडचणी

पिंप अर्ध्याहून कमी भरल्यास खडे आदळून त्यांवर चंद्रकोरीसारखे ठसे उमटतात. पाणी जास्त झाल्यास भुकटी तळाशी बसते व घर्षण मंदावते. काही खड्यांमुळे बंद पिंपात वायू साठून झाकण फुगते, म्हणून पहिले काही दिवस ते रोज एकदा उघडून पाहावे. वीज दीर्घकाळ गेल्यास गाळ तळाशी घट्ट बसतो. मोटर पुन्हा सुरू करण्यापूर्वी पिंप हाताने हलवून तो सुटा करावा.

पिंपातून निघालेला गाळ न्हाणीच्या मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नये. तो नळीत साचून घट्ट होतो आणि मोरी तुंबते. गाळ बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि खालचा थर ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा.

आरोग्यविषयक दक्षता

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात खोलवर गेल्यास तेथे व्रणासारख्या कठीण गाठी बनतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होतो, धूळ थांबल्यावरही वाढू शकतो आणि पूर्ण बरा करणारा उपचार त्यावर नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये याचा समावेश सूचना देण्यास बंधनकारक असलेल्या रोगांत केलेला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वसनयोग्य स्फटिकी सिलिकेचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केला.

खंभातच्या अकीक कारागिरांना या रोगाने ग्रासले आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांची पाहणी करून हा प्रश्न पुढे आणला. तेथील घासकाम पुष्कळदा राहत्या घरात किंवा अंगणात चाले. त्यामुळे चाकावर न बसणाऱ्या घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या श्वासातही तीच धूळ जाई. ओतकामात वापरली जाणारी वाळूही सिलिकेचीच असल्याने तेथील कामगारांनाही हाच धोका संभवतो.

पाण्याने भरलेल्या बंद पिंपात धूळ उडत नाही, म्हणून टंबलिंग हा अकीक घासण्याचा तुलनेने निर्धोक मार्ग आहे. धोका त्याच्या आधी व नंतर असतो : हातोडीने खडे फोडताना, कोरड्या चाकावर कड काढताना, आणि जमिनीवर सांडून वाळलेला गाळ झाडताना. यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

- खडा फोडावयाचा असल्यास तो ओल्या जाड कापडात गुंडाळावा व डोळ्यांवर चष्मा लावावा.
- कोरड्या चाकावर अकीक घासू नये. चाकावर पाण्याची धार सतत असावी.
- सांडलेला गाळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा.
- एन-९५ मुखपट्टी वापरावी. पण ती पाण्याला पर्याय नाही.
- ही कामे स्वयंपाकघरात, झोपण्याच्या खोलीत किंवा लहान मुलांच्या सान्निध्यात करू नयेत.

बाजारातील गडद निळे, गुलाबी किंवा हिरवे अकीक बहुधा रंगविलेले असतात. अकीकाच्या काही थरांत सूक्ष्म छिद्रे असल्याने तो रंग शोषतो. साखरेच्या द्रावणात मुरवून सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने त्याला काळा करण्याची रीत जुनी आहे. हे आम्ल अत्यंत दाहक असल्याने ही कृती घरी करू नये.

खडे गोळा करताना

१० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने अकीकासह ३१ खनिजांचा समावेश गौण खनिजांत केला. त्यांच्या उत्खननाचे नियम राज्य शासन करते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातून आणलेले दगड व खनिजे हीदेखील वनोपज ठरतात. त्यामुळे वनक्षेत्रातून खडे उचलू नयेत. खासगी शेतातून खडे घेण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी.

प्राचीन वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर सापडलेला अकीक हा नुसता खडा नसतो. त्याला आरपार वेज, घडीव बाजू किंवा मुद्दाम काढलेले छिलके दिसत असतील तर तो मणी, हत्यार किंवा कारागिराच्या कामातील उरलेला तुकडा असू शकतो. तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता यावरूनच अभ्यासकाला त्याचा काळ व उपयोग ठरविता येतो. टंबलरमध्ये घातल्यावर वेज पाडल्याच्या व घासल्याच्या खुणा नाहीशा होतात आणि त्याबरोबर तो पुरावाही जातो. अशी वस्तू जागेवरून न हलविता पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवावे.

उपयोग

घोटलेल्या खड्यांचा उपयोग दागिने, किल्ल्यांचे जुडगे, शोभेच्या बरण्या आणि शाळांतील खनिजसंग्रह यांसाठी होतो. अकीकाचे खल प्रयोगशाळांत व औषधे घोटण्यासाठी वापरतात. हातकागद गुळगुळीत करण्यासाठी व सोन्याचा वर्ख घोटण्यासाठी अकीकाची घोटणी वापरली जाते. शालेय शिक्षणात हा छंद खडकांची झीज, कठिनता श्रेणी आणि प्रकाशाचे परावर्तन हे तिन्ही पाठ एकाच प्रयोगातून दाखवितो. प्रत्येक टप्प्यातील एक खडा बाजूला काढून, वाळवून, तारखेसह डबीत ठेवल्यास कच्च्या गोट्यापासून जिलईदार खड्यापर्यंतचा सर्व क्रम विद्यार्थ्यांसमोर मांडता येतो.